बीटा ९०.०८ : एका पायराझोलीनच्या क्रिस्टल स्ट्रक्चरची केस

ही केस एका पीएचडी करणाऱ्या मुलाची आहे. त्याचं, त्याच्या गाइडचं, कॉलेजचं आणि जिथे डेटा घेतला त्या ठिकाणाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, आणि आकडेही ओळख पटू नये म्हणून थोडे इकडेतिकडे केलेत, पण गणित जुळेल असेच ठेवलेत. मी स्वतः सिंथेसिस सोडून बरीच वर्षं झाली, आता दुसऱ्यांच्या रिफाइनमेंट्स (एक्स-रे डेटावर रेणूचं मॉडेल जुळवायचं काम) सोडवून देते, त्यामुळे असे फोन येतात. या केसमध्ये चूक त्याची होती तशी माझीही होती, ती कुठे ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

कंपाउंड म्हणाल तर अगदी साधं. चार-क्लोरोबेंझाल्डिहाइड आणि अॅसिटोफिनोनचा चालकोन करायचा, त्यावर फेनिलहायड्रॅझिन घालून अॅसिटिक अॅसिडमध्ये रिफ्लक्स, की पाच जणांची पायराझोलीन रिंग तयार. त्या रिंगला तीन बेंझीन रिंगा लागलेल्या, त्यातल्या एकीच्या टोकाला क्लोरीन. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला सुद्धा करतात हे. एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनांची ओळख देणारी चाचणी) ३.१, ३.८ आणि ५.२ पीपीएमच्या आसपास ते ठरलेले तीन डबलेट ऑफ डबलेट (चार रेघांचे सिग्नल) आले, म्हणजे रिंग बंद झाली हे नक्की.

अडचण पेपरच्या रिव्ह्यूमध्ये आली. रिव्ह्यूअरने विचारलं की क्लोरीनवाली रिंग पायराझोलीनच्या पाचव्या क्रमांकाच्या कार्बनवर आहे की तिसऱ्या, हे तुम्ही कशावरून ठरवलं? प्रश्न रास्त होता, कारण हायड्रॅझिन आधी कार्बोनिलला जाऊन भिडतं की आधी डबल बाँडला, त्यावर दोन वेगळे आयसोमर (तेच अणू, जोडणी वेगळी) पडू शकतात आणि ते तीन डबलेट दोन्हीत जवळजवळ सारखेच दिसतात. गाइड म्हणाले क्रिस्टल स्ट्रक्चर टाकून देऊ, प्रश्नच मिटेल.

क्रिस्टल वाढवायला त्याने मेहनत घेतली हे मान्यच करायला हवं. इथेनॉलमधून नुसत्या केसासारख्या सुया येत होत्या. मग इथाइल अॅसिटेट-हेक्झेन, छोट्या व्हायलवर अॅल्युमिनियम फॉइल, त्याला टाचणीने तीन भोकं, आणि व्हायल कपाटाच्या वरच्या खणात, कारण खालच्या खणाचं दार दिवसातून दहा वेळा आपटतं. अकराव्या दिवशी फिकट पिवळ्या जाड चकत्या आल्या. त्यातली एक ०.३ मिलिमीटरची निवडून दुसऱ्या संस्थेत पाठवली, तिथे तेलाच्या थेंबात धरून लूपवर चढवली आणि नायट्रोजनच्या झोतात १०० केल्विनला मॉलिब्डेनमच्या एक्स-रे ट्यूबवर डेटा घेतला. आठवड्याने ईमेलवर एक एचकेएल फाइल (प्रत्येक रिफ्लेक्शनचे, म्हणजे क्रिस्टलमधून आलेल्या एक्स-रेच्या डागाचे, एच-के-एल हे तीन क्रमांक आणि तीव्रता) आणि मशीनने आपोआप काढलेला एक पानी रिपोर्ट आला. त्यात सेलबद्दल, म्हणजे क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान डबीबद्दल, लिहिलेलं : ऑर्थोरॉम्बिक, ए ९.६, बी १२.१, सी १४.९ अँगस्ट्रॉम, तिन्ही कोन ९०, स्पेस ग्रुप (रेणू कुठल्या सिमेट्रीने रचलेत त्याचं नाव) पी-टू-वन-टू-वन-टू-वन.

अडचण

स्ट्रक्चर सुटलं. म्हणजे रेणू दिसला, क्लोरीन दिसला, तीन रिंगा दिसल्या. पण आर-वन (मॉडेल आणि डेटा यांतली तफावत, कमी तितकी बरी) १९ टक्क्यांवर अडकला तो हलेचना. रिंगांच्या आजूबाजूला न जाणाऱ्या क्यू पीक्सची (मॉडेलमध्ये न बसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढिगांची) गर्दी, दोन कार्बनची एलिप्सॉइड्स (अणूची थरथर दाखवणारे गोळे) पापडासारखी चपटी. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं, "ताई, फेनिल डिसऑर्डर्ड आहे बहुतेक, पार्ट वन पार्ट टू करू का?"

म्हणजे ती रिंग काही रेणूंत एका जागी आणि काहींत दुसऱ्या जागी बसलीय असं धरून दोन भागांत मांडू का. आणि इथे मी काय केलं तर "हो कर" म्हणाले.

माझ्या डोक्यात असं होतं की फेनिल रिंगा हलतात, डिसऑर्डर रोजचाच आहे, आणि शिवाय मी एक आकडा बघितला होता ज्याने मला फसवलं. डेटाचं जे स्टॅटिस्टिक्स येतं, ई-स्क्वेअर-मायनस-वनची सरासरी, ती सेंट्रोसिमेट्रिक (ज्यात इन्व्हर्जन सेंटर, म्हणजे डावं-उजवं अदलाबदल करणारा मध्यबिंदू असतो अशा) क्रिस्टलला ०.९६८ च्या जवळ यायला हवी आणि नॉन-सेंट्रोला ०.७३६ च्या जवळ. इथे ०.७६ आली होती. म्हटलं झालं, नॉन-सेंट्रोच आहे, पी-टू-वन-टू-वन-टू-वन बरोबर. हा आकडा दुसऱ्याही कारणाने खाली येतो हे मला माहीत होतं, शिकवलंय सुद्धा मी ते, पण त्या दिवशी आठवलं नाही. का, तर उत्तर आधीच मनात ठरलं होतं.

मग चार दिवस आम्ही दोघं मिळून डिसऑर्डर घडवत बसलो, घडवत हाच शब्द बरोबर आहे. एक रिंग दोन ठिकाणी, मग दुसरी दोन ठिकाणी, मग सॅडी, सिमू, आयसोर असे सगळे रिस्ट्रेंट्स (मॉडेलला घातलेली बंधनं), तेव्हा कुठे आर-वन ११.८ वर आला. फ्लॅक पॅरामीटर (क्रिस्टल डाव्या हाताचा की उजव्या ते सांगणारा आकडा) ०.४ आणि त्याची एरर इतकी मोठी की त्याला अर्थच नाही. तो म्हणाला इन्व्हर्जन ट्विन, म्हणजे डावा-उजवा असे दोन भाग जोडलेला क्रिस्टल, असेल.

त्यात एक गंमत झाली जी फार महागात पडली असती. क्लोरीन नसलेल्या एका रिंगच्या टोकापाशी एक ठळक क्यू पीक येत होता, आणि त्याच्या गाइडनी तो बघून म्हटलं की म्हणजे दुसरा आयसोमर पण थोडा त्याच क्रिस्टलमध्ये बसलाय की काय! ऐकायला भारी वाटतं, पेपरमध्ये एक अख्खा परिच्छेद झाला असता. मी अंतर मोजलं. बेंझीन रिंगवरचा क्लोरीन कार्बनपासून १.७४ अँगस्ट्रॉमवर असतो, इकडेतिकडे होतो तो दुसऱ्या दशांशात. हा पीक २.१ वर होता आणि रिंगच्या प्रतलातही नव्हता. तो क्लोरीन नव्हता, तो कुणाची तरी सावली होती. माझं डोकं तिथे थोडं जागेवर आलं.

कशावर अडलो ते नीट बघितलं तेव्हा

रात्री जेवण झाल्यावर मी त्याला फोन केला आणि एकच विचारलं, "अरे, तुझ्या फ्लास्कमध्ये काय आहे?" तो गोंधळला. म्हटलं, पाचवा कार्बन कायरल आहे ना, म्हणजे रेणू डावा आणि उजवा असा दोन तऱ्हांचा होतो, मग तू कुठलं कायरल कॅटलिस्ट वापरलंस का? "नाही ताई, नुसतं अॅसिटिक अॅसिड." म्हणजे फ्लास्कमध्ये डावे-उजवे अर्धेअर्धे. रेसिमिक माल. आणि पी-टू-वन-टू-वन-टू-वन हा असा स्पेस ग्रुप आहे की त्यात एका क्रिस्टलमध्ये फक्त एकाच हाताचे (सगळे डावे किंवा सगळे उजवे) रेणू बसू शकतात. रेसिमिक मिश्रणातून डावे वेगळे आणि उजवे वेगळे असे क्रिस्टल पडणं शक्य असतं, पाश्चरने चिमट्याने निवडले होते तसे, पण ते क्वचित होतं. बहुतेक वेळा दोन्ही हात एकाच क्रिस्टलमध्ये शेजारी शेजारी, मधे इन्व्हर्जन सेंटर. त्यामुळे हा स्पेस ग्रुप अशक्य नव्हता, पण संशय यायलाच हवा होता आणि तो पहिल्या दिवशी यायला हवा होता.

मग रिपोर्ट परत उघडला. आर-इंट, म्हणजे सिमेट्रीने सारखी असायला हवीत ती रिफ्लेक्शन्स एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, ०.१७ होता. चांगल्या क्रिस्टलला इतका येत नाही. आम्ही दोघांनीही तो "क्रिस्टल लहान होता" म्हणून सोडून दिलेला. मग त्याच एचकेएल फाइलवर सिमेट्री एक पायरी खाली आणून, म्हणजे मोनोक्लिनिक (तीनपैकी एक कोन ९० असायची सक्ती नसलेली सेल) धरून, तिन्ही अक्ष आळीपाळीने मुख्य मानून बघितलं. ए धरला की ०.१७, सी धरला की ०.१७, आणि बी धरला की ०.०६.

त्याच फाइलमध्ये अजून एक खूण होती. एच-झिरो-एल या थरातली ज्यांच्या एच आणि एलची बेरीज विषम येते ती सगळी रिफ्लेक्शन्स, ऐंशी-नव्वद वेगवेगळी तरी, जवळजवळ शून्य होती. आपल्या ऑर्थोरॉम्बिक स्पेस ग्रुपला त्यांच्या शून्य असण्याशी काही देणंघेणं नाही. पण पी-टू-वन-बाय-एन हा मोनोक्लिनिक स्पेस ग्रुप असेल तर तिथली एन ग्लाइड ही सिमेट्री नेमकी हीच मारते, म्हणजे शून्य करते. आणि गंमत म्हणजे अक्षांवरची जी रिफ्लेक्शन्स बघून प्रोग्रॅम टू-वन-टू-वन-टू-वन म्हणतो, तीही या एन ग्लाइडने आणि एका स्क्रू अक्षाने मरतात. म्हणजे अक्षांवर बघितलं तर दोन्ही ग्रुप सारखेच दिसतात, फरक कळतो तो फक्त त्या थरात.

आकारमानाने तर काहीच कळलं नसतं. हायड्रोजन सोडून २४ अणू, प्रत्येकी साधारण १८ घन अँगस्ट्रॉम, रेणूला ४३२, सेल १७३१ चा, म्हणजे चार रेणू. दोन्ही ग्रुपमध्ये चारच लागतात. कॅथलीन लॉन्सडेलनी १९२९ मध्ये हेक्झामिथिलबेंझीनचं स्ट्रक्चर हाताने आकडेमोड करून काढलं आणि बेंझीनची रिंग सपाट असते हे दाखवलं, तिथे सेलमध्ये एकच रेणू आहे या साध्या हिशोबाचा त्यांना मोठा आधार होता. आमच्या नशिबात तो हिशोब मुका होता.

तर निदान असं होतं. क्रिस्टल खरा मोनोक्लिनिक, पण बीटा कोन (ए आणि सी अक्षांमधला) ९० च्या इतका जवळ की मशीनला ९०च वाटला. काडेपेटी बोटाने जराशी एका बाजूला ढकलली की ती तिरकी होते ना, तशी ही सेल, पण तिरकेपणा डोळ्याला न दिसण्याइतका. अशा काडेपेट्या रचताना मधेच एखादी उलटी ठेवली तरी रचना बिघडत नाही, बसून जाते. क्रिस्टल वाढताना तेच झालं, एक भाग सुलटा आणि एक भाग उलटा, जुळं. आणि कोन जवळजवळ ९० असल्याने दोन्ही भागांचे डाग डिटेक्टरवर एकावर एक पडतात, दुभंगलेले डाग वगैरे काही दिसत नाही. दोन भागांच्या तीव्रता मिसळल्या की सरासरी होते, म्हणून तो ०.९६८ चा आकडा घसरून ०.७६ झाला होता आणि मला नॉन-सेंट्रो वाटला होता. अर्धेअर्धे मिसळले असते तर बरोब्बर ०.७३६ च आला असता.

पुढे काय करायचं यावर काय काय बोलणं झालं

रिव्हिजनची मुदत संपायला तेवीस दिवस होते. त्याच्या गाइड सरांचं मत होतं की आहे ते द्यावं. "मॅडम, अकरा टक्क्यांचे पेपर छापून येतात हो, मी बघितलेत, आणि क्लोरीन कुठे आहे ते तर दिसतंय ना?" यात तथ्य नाही असं नाही. रिव्ह्यूअरचा प्रश्न फक्त क्लोरीनच्या जागेचा होता, आणि ती जागा चुकीच्या मॉडेलमध्येही बरोबरच निघत होती. पण मग टेबलमधली बाँड लेंग्थ, तो डिसऑर्डर, कायरल स्पेस ग्रुप, सगळं खोटं कायमचं केंब्रिजच्या क्रिस्टल स्ट्रक्चरच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसणार, मुलाच्या नावाने. क्रिस्टलोग्राफर लोकांत "मार्श करणं" असा शब्दच आहे, कॅलटेकच्या रिचर्ड मार्शनी आयुष्यभर लोकांचे चुकलेले स्पेस ग्रुप शोधून छापले त्यावरून. त्यांना सापडायचे ते बहुतेक सिमेट्री कमी धरलेले, आमची केस उलटी, जास्त धरलेली.

दुसरा मार्ग नवीन क्रिस्टल, नवीन डेटा. पण मशीनची रांग दीड महिन्याची, आणि सेलचा आकारच असा असेल तर पुढचा क्रिस्टलही जुळाच निघण्याची शक्यता जास्त.

तिसरा मार्ग मी सुचवला तो सरांना आवडला नाही. एक्स-रे सोडाच, एचएमबीसी घ्या, म्हणजे कुठल्या हायड्रोजनच्या आसपास कुठला कार्बन जोडलेला आहे ते दाखवणारा एनएमआरचाच प्रकार. पाचव्या कार्बनवरच्या हायड्रोजनचा संबंध कुठल्या रिंगच्या कार्बनशी दिसतो तेवढं बघितलं की आयसोमर ठरतो, एका रात्रीचं काम. सर म्हणाले एक्स-रे म्हणजे एक्स-रे, त्याची बरोबरी दुसऱ्या कशाला नाही. मला हे अजूनही पटत नाही. प्रश्न जेवढा आहे तेवढंच हत्यार उचलावं, पण स्ट्रक्चर म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना ऑर्टेपचं (एक्स-रेवरून काढलेलं रेणूचं) चित्र हवं असतं.

चौथा मार्ग, आहे त्याच डेटाच्या मूळ फ्रेम्स (डिटेक्टरवरची कच्ची चित्रं) मागवायच्या आणि मोनोक्लिनिक धरून पुन्हा पहिल्यापासून प्रोसेस करायच्या. जुन्या एचकेएल फाइलवरही ट्विन लॉ (जुळ्याचे दोन भाग एकमेकांशी कसे वळलेत तो नियम) लावून काम झालं असतं म्हणा, पण तिचं स्केलिंग आणि अॅब्सॉर्प्शन करेक्शन चुकीची सिमेट्री धरून झालं होतं आणि बीटा तर ९० ला बांधूनच ठेवला होता. शेवटी चौथा आणि तिसरा दोन्ही करायचे ठरले. तिसरा सरांना न सांगता. हे लिहायला नको होतं कदाचित.

काय केलं

फ्रेम्स मिळवणं हे सगळ्यात कठीण गेलं, सायन्स नव्हे. तिथला डेटा ठरावीक महिन्यांनी पुसतात, आमचा पुसायला तीन आठवडे उरले होते. ईमेलला उत्तर नाही, मग मुलगा रात्रीच्या एसटीने हार्ड डिस्क घेऊन गेला, सकाळी अकरापर्यंत बाहेर बाकावर बसला आणि काही जीबी कॉपी करून संध्याकाळी परत.

बाकीचं दोन दिवसांत झालं. कोन मोकळे सोडले तेव्हा दोन कोन ९०.०० वर राहिले आणि बीटा ९०.०८ वर गेला, आणि एरर त्या वरच्या ०.०८ च्या आठव्या हिश्शाएवढी, म्हणजे तो ९० नाही हे नक्की. मोनोक्लिनिकमध्ये आर-इंट ०.०४८. पी-टू-वन-बाय-एन मध्ये स्ट्रक्चर सुटलं, आर-वन २२ टक्के, म्हणजे आधीपेक्षा वाईट! मुलगा लगेच म्हणाला ताई चुकलं. म्हटलं थांब, अजून जुळं सांगितलंच नाहीये. शेलएक्सएल या रिफाइनमेंटच्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या :

ट्विन १ ० ० ० -१ ० ० ० -१
बास्फ ०.३

पहिल्या ओळीचा अर्थ ए अक्षाभोवती अर्धा फेरा, म्हणजे ती उलटी काडेपेटी, आणि दुसरीत उलट्या भागाचा अंदाज, तो प्रोग्रॅम स्वतः सुधारून घेतो. एंटर मारलं. आर-वन २२ वरून ९, हायड्रोजन घातल्यावर आणि अणू अॅनिसोट्रॉपिक केल्यावर (त्यांची थरथर प्रत्येक दिशेला वेगळी मानल्यावर) ४.६. बास्फ ०.३७ वर थांबला. फोनवर पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही, मग "ताई, डिसऑर्डर कुठे गेला?"

डिसऑर्डर नव्हताच. तिन्ही रिंगा एकेकाच जागी, एकही रिस्ट्रेंट नाही, तो २.१ वरचा पीक गायब, उरलेला सगळ्यात मोठा पीक ०.३ इलेक्ट्रॉनच्या आत.

निकाल

क्लोरीनवाली रिंग पाचव्या कार्बनवर, आधी लिहिलं होतं तसंच. कार्बन-नायट्रोजन डबल बाँड १.२९, नायट्रोजन-नायट्रोजन १.३८ अँगस्ट्रॉम, म्हणजे पायराझोलीनला शोभेल असं. मधली रिंग पूर्ण सपाट नाही, पाचवा कार्बन पाकिटाच्या झाकणासारखा किंचित वर उचललेला. बाकीच्या दोन फेनिल रिंगा तिच्या जवळजवळ प्रतलात आणि क्लोरीनवाली मात्र काटकोनाच्या आसपास उभी. चुकीच्या मॉडेलमध्ये हा कोन ७० च्या खाली येत होता आणि नायट्रोजन-नायट्रोजन बाँड १.४५, ज्यावर मुलाने ड्राफ्टमध्ये पाच ओळींचं स्पष्टीकरण पण लिहून ठेवलं होतं. एका सेलमध्ये दोन डावे दोन उजवे, फ्लास्कमध्ये होते तसे.

एचएमबीसीनेही तेच सांगितलं, आणि ते चार दिवस आधी सांगितलं.

चेकसिफमध्ये (स्ट्रक्चरची फाइल आपोआप तपासणारा प्रोग्रॅम) ए अलर्ट, म्हणजे सगळ्यात गंभीर इशारा, एकही नाही. ट्विनबद्दल पेपरच्या एक्सपेरिमेंटलमध्ये चार ओळी स्पष्ट लिहिल्या, ट्विन लॉ आणि प्रमाण दोन्ही. रिव्ह्यूअरने परत विचारलं की जुळं नसलेला क्रिस्टल का नाही घेतला, तेव्हा त्याच बॅचमधले अजून दोन फक्त तपासून बघितले, दोन्ही जुळेच. मुदत दहा दिवस वाढवून घ्यावी लागली, पेपर स्वीकारला गेला.

आता परत करायचं झालं तर

फ्रेम्स त्याच दिवशी मागायच्या, डेटा चांगला वाटला तरी. या एका गोष्टीवर मी आता भांडते. नुसती एचकेएल फाइल म्हणजे शिजवलेली भाजी, त्यात काय घातलं होतं ते नंतर कळत नाही.

स्प्लिट करण्याआधी पंधरा मिनिटं सिमेट्रीला द्यायची. आमची चार दिवसांची रिस्ट्रेंट्सची कसरत त्या पंधरा मिनिटांनी वाचली असती. एका रिंगमध्ये डिसऑर्डर असेल तर त्रास त्या रिंगपाशी दिसतो, इथे पीक्सची गर्दी सगळ्या रेणूभोवती होती, हे स्क्रीनशॉटमध्येही दिसत होतं. मी तो मोबाइलवर बघितला, बसमध्ये.

सरांशी बोलताना मी आर-वनवर वाद घातला ते पण चुकलंच. त्यांना टक्क्यांचं काही वाटत नव्हतं. "तुमचा माल रेसिमिक आहे आणि स्ट्रक्चर म्हणतंय एकाच हाताचा आहे" असं पहिल्यांदाच म्हटलं असतं तर ते केमिस्ट आहेत, तिथेच थांबले असते. नंतर हे वाक्य ऐकून खरंच थांबले.

एक गोष्ट सुटली नाही ती नाहीच. हे जुळं क्रिस्टल वाढतानाच पडलं की १०० केल्विनला थंड करताना? रूम टेम्परेचरला हा क्रिस्टल खरोखरच ऑर्थोरॉम्बिक असेल आणि गार झाल्यावर सिमेट्री मोडून दोन बाजूंना झुकला असेल, तर तिन्ही क्रिस्टल जुळे का निघाले ते समजतं. पण मग रूम टेम्परेचरला तो कायरल ग्रुप असू शकत नाही, कारण इन्व्हर्जन सेंटर थंड केल्यावर आकाशातून पडत नाही, डावे-उजवे मुळातच लागतात. तपासायला अर्धा तास लागला असता, तिसरा क्रिस्टल लूपवर होताच, फक्त नायट्रोजनचा झोत बंद करून तापमान चढू द्यायचं होतं. ऑपरेटरने पुढच्या माणसाचा नंबर आला म्हणून लूप काढला आणि क्रिस्टल फरशीवर. मुलगा गुडघ्यावर बसून टॉर्च मारत शोधत होता म्हणे. ०.२ मिलिमीटर, फिकट पिवळा, पांढऱ्या फरशीवर.